सैनिकांची पत्रे : पेटीत राहिलेला इतिहास

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे लेणी आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असतील. तेथे दगडात कोरलेला एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढाच त्याचा आशय. बलक कोणत्या गावचा, त्याचे आईवडील कोण, हे काम करताना त्याच्या मनात काय होते, यातले काहीच आपल्याला कळत नाही. पण बलक नावाचा माणूस होऊन गेला हे सुमारे दोन हजार वर्षांनंतरही कळते, कारण त्याचे नाव दगडावर आहे.

भीमा कोरेगावचा विजयस्तंभही असाच. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर आहेत. ‘नाक’ असा शेवट असलेली त्यांतील नावे आपल्या पूर्वजांची. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे जाऊन मानवंदना दिली आणि त्या नावांकडे समाजाचे लक्ष वेधले. तरीही एक गोष्ट तो स्तंभ सांगू शकत नाही. दिवसभर लढताना त्या शिपायांच्या मनात काय चालले होते, घरी कोण वाट पाहत होते, शेवटचा निरोप कोणासाठी होता, हे त्यावर नाही. नावे राहिली, बोलणे राहिले नाही.

युद्धावर गेलेल्या साध्या माणसाचे बोलणे जर कोठे राहत असेल तर ते त्याने घरी धाडलेल्या पत्रात. अशी पत्रे कोठे जपली गेली, ती कशी वाचावीत, आपल्या समाजाची पत्रे इतकी थोडी का, आणि जी आज आपल्या घरांत असतील त्यांचे काय करावे, या चार गोष्टी आम्ही या लेखात मांडणार आहोत. विद्यार्थ्यांनी शेवटच्या दोन भागांकडे विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

राजाचा लेख आणि शिपायाचे पत्र

युद्धाविषयीचे लिखाण फार जुने आहे. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख आपण सर्वजण जाणतो. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसे पुढे मेली, असे त्यात स्वतः सम्राटाने नोंदवले आहे आणि त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आहे. जिंकलेल्या राजाने असे लिहावे ही जगाच्या इतिहासातील दुर्मिळ गोष्ट आहे. पण तो लेख राजाचा आहे. कलिंगच्या एखाद्या पायदळ सैनिकाने घरी काय निरोप धाडला, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

पुढच्या काळातही हेच दिसते. सेनापतीचा अहवाल सांगतो की सैन्य किती मैल पुढे गेले, किती मेले, किती जखमी झाले. वर्तमानपत्र सांगते की कोण जिंकले. शिपायाचे पत्र यातले क्वचितच सांगते. ते सांगते की बूट ओले आहेत, भाकरी मिळत नाही, शेजारच्या गावचा अमका काल गेला, धाकट्याला शाळेत घातले की नाही ते कळवावे.

आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. इटलीत १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले. तरीही ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते त्यांनी काबीज केले, आणि तेथेच शत्रूच्या गोळीने त्यांना मृत्यू आला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सर्व आपल्याला सन्मानपत्रावरून कळते. सन्मानपत्र शौर्याचा एक दिवस, किंबहुना त्या दिवसाची काही मिनिटे सांगते. त्या आधीचे महिने, आगबोटीचा प्रवास, परक्या देशातील हिवाळा, घरची आठवण, हे सन्मानपत्राचे कामच नाही. ते काम पत्राचे. म्हणून इतिहासाला दोन्ही कागद लागतात.

फ्रान्समधून आलेली पत्रे

सैनिकांच्या पत्रांचा हिंदुस्थानातील सर्वांत मोठा साठा पहिल्या महायुद्धाचा आहे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्य फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्सही त्या पहिल्या हिवाळ्यातच फ्रान्समध्ये लढले.

या सैनिकांच्या टपालावर सरकारने तपासनीस नेमले. कॅप्टन हॉवेल नावाचा अधिकारी त्या कचेरीचा प्रमुख होता आणि कचेरी बराच काळ फ्रान्समधील बुलोन येथे होती. परदेशातील क्रांतिकारकांचे साहित्य सैनिकांच्या हाती पडू नये हा मूळ हेतू. पुढे सैन्याचे मनोधैर्य कसे आहे हे जोखण्यासाठीही या पत्रांचा उपयोग होऊ लागला. हॉवेलचे लोक निवडक पत्रांतील मजकूर इंग्रजीत उतरवून दर आठवड्याला अहवाल पाठवीत. मूळ पत्रे बहुतेक आपापल्या गावी गेली आणि तेथे काळाच्या ओघात नष्ट झाली. तपासनिसाने उतरवून घेतलेले उतारे मात्र राहिले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतील निवडक पत्रांचे पुस्तक डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ साली प्रसिद्ध केले. ज्या कागदांवर सरकारने पाळत ठेवली तेच कागद वाचले, हा इतिहासातील विचित्र योग म्हणावा लागेल.

या पत्रांत काय आहे? पाऊस, चिखल आणि थंडी आहे. खंदकात दिवसचे दिवस उभे राहणे आहे. तोफांच्या माऱ्याला उपमा शोधताना कोणी गारांची उपमा देतो, कोणी भट्टीत भाजल्या जाणाऱ्या दाण्यांची. कोणाला महाभारत आठवते. शेतकऱ्याच्या मुलाने युद्ध पाहिले तर तो ते आपल्या शेताच्या आणि आपल्या ऐकीव कथांच्या शब्दांतच सांगणार.

तक्रारही आहे. जखमी झालेला सैनिक बरा होताच त्याला पुन्हा आघाडीवर धाडत. एकदा जखम झाली म्हणजे आपले कर्तव्य पूर्ण झाले, आता घरी जाऊ द्यावे, अशी सैनिकांची समजूत होती. १९१५ च्या पत्रांत हे दुःख पुन्हा पुन्हा येते.

आणि एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. फ्रान्समधील खेड्यांत राहिलेल्या सैनिकांनी तेथील स्त्रिया पाहिल्या. त्या शेत सांभाळीत, हिशेब ठेवीत, पत्र वाचीत आणि लिहीत. मुलगा युद्धावर मेला तरी दुसऱ्या दिवशी कामाला लागत. हे पाहून अनेक सैनिकांनी घरी कळवले की आपल्याकडेही मुलींना शिकवले पाहिजे. ज्याला स्वतःला लिहिता येत नाही असा माणूस दुसऱ्याकडून पत्र लिहवून मुलीला शाळेत घालण्याचा आग्रह धरतो, यापेक्षा शिक्षणाच्या तळमळीचा दुसरा पुरावा कोणता हवा? महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी जे पुण्यात १८४८ साली सुरू केले, त्याची गरज एखाद्या शिपायाला हजारो मैलांवरच्या शेतात उभे राहून पटली.

पत्र किती हातांतून जाते

असे असले तरी पत्रात लिहिलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा खरा मानणे चुकीचे ठरेल. पत्र किती हातांतून जात असे ते पाहू.

पहिला हात लेखनिकाचा. बहुतेक सैनिकांना लिहिता येत नव्हते. पलटणीत ज्याला अक्षरओळख असे तो इतरांची पत्रे लिही. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. लिहिणाऱ्याची स्वतःची ठरलेली वाक्ये असत आणि अनेकांच्या पत्रांत तीच उतरत. बायकोसाठी मनातले दोन शब्द त्या तिसऱ्या माणसासमोर सांगण्याचा संकोचही असेच.

दुसरा हात तपासनिसाचा. आपले पत्र साहेब वाचणार हे सैनिकांना लवकरच कळले. मग त्यांनी आडवळणाने लिहायला सुरुवात केली. काळी मिरी आणि लाल मिरी यांचा मजकूर असलेले पत्र पुढे प्रसिद्ध झाले. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरा शिपाई. काळी संपत आली, आता लाल वापरतात, पण तिला तितका तिखटपणा नाही, असा मजकूर स्वयंपाकाचा वाटावा, पण घरच्यांनी अर्थ ओळखावा. हॉवेलच्या लोकांनीही तो ओळखला, म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे. न ओळखलेले असे किती असतील ते सांगता येत नाही.

तिसरा हात घरी पत्र वाचून दाखवणाऱ्याचा. गावात पत्र आले म्हणजे ते मास्तर, पोस्टमन किंवा शिकलेला एखादा मुलगा वाचून दाखवी आणि अर्धी वस्ती ऐकायला बसे. सैनिकाला हे ठाऊक असे. म्हणून तो वडिलांच्या नावे लिही, सर्वांची खुशाली विचारी, आणि बायकोचा उल्लेख ‘घरची मंडळी’ असा करून पुढे जाई. पत्रात प्रेम दिसत नाही म्हणून ते नव्हते असे कोणी समजू नये.

ब्रिटिश सैन्यात एक छापील कार्डही असे. मी बरा आहे, मी इस्पितळात आहे, तुमचे पत्र मिळाले, अशी वाक्ये त्यावर छापलेली असत. जे लागू नसेल ते खोडायचे आणि खाली सही करायची. वेगळा एक शब्द लिहिला तर कार्ड फाडून टाकीत. सरकारला सैनिकाचे किती बोलणे परवडत होते, हे त्या कार्डावरून कळते.

कधी कधी पत्र न येणे हाच पुरावा असतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत ब्रिटिश-हिंदी फौज वेढ्यात अडकली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि शेवटी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. पुढे कैदेत त्यांतील हजारो मेले. त्या पाच महिन्यांत कोकणातील आणि देशावरील कितीतरी घरांत पोस्टमनची वाट पाहणे एवढेच युद्ध होते. त्या घरांकडे दाखवायला कागद नाही, पण त्यांनीही युद्ध भोगले.

ज्यांचे पत्रच नाही

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या महायुद्धातील या संग्रहात आपल्या समाजाचा आवाज शोधायला गेले तर जवळजवळ हाती काही लागत नाही. याला कारणे आहेत.

कोरेगावपासून पुढे मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील सुभेदार रामजी सैन्यातील शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई यांचे माहेर मुरबाडचे, म्हणजे आपल्या कर्जत तालुक्याला लागून असलेल्या तालुक्यातील, आणि त्यांचे वडीलही सैन्यात सुभेदार-मेजर होते. सैन्यामुळे या घरांत अक्षर आले. पण १८९२-९३ च्या सुमारास लढाऊ आणि बिनलढाऊ जाती असा भेद करून सरकारने महारांची भरती बंद केली. महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. हे अर्ज म्हणजेही सैनिकांच्या घरांतून निघालेली पत्रेच. फरक इतका की ती घरी जायची नव्हती. ज्या सरकारसाठी पूर्वज लढले त्याच्याच दारी ती जायची होती.

१९१४ साली युद्ध पेटले तेव्हा हे दार बंदच होते. माणसांची टंचाई भासू लागल्यावर १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. गरज सरली, पलटण मोडली. म्हणजे फ्रान्समधील टपाल जेव्हा सर्वांत जास्त होते तेव्हा आपला शिपाई तेथे शिपाई म्हणून जवळजवळ नव्हताच. अस्पृश्य माणसे होती ती सफाईवाले, भिस्ती अशा बिनलढाऊ कामांवर. त्यांचे पत्र कोण लिहिणार आणि कोण उतरवून घेणार?

त्यांपैकी एकाची हकिकत मात्र दगडामुळे राहिली. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्रोकनहर्स्ट नावाचे गाव आहे. तेथे जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ होते. बरेली भागातील सुखा नावाचा सफाई कामगार त्या इस्पितळात जानेवारी १९१५ मध्ये न्यूमोनियाने वारला. अस्पृश्य म्हणून हिंदू सैनिकांबरोबर त्याचे दहन होऊ देईनात. तो मुसलमान नाही म्हणून त्याला त्यांच्या दफनभूमीत जागा मिळेना. शेवटी गावच्या चर्चच्या धर्मगुरूंनी आपल्या आवारात त्याला पुरले, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्यावर दगड उभारला. तो दगड आजही आहे.

सात समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाची जात त्याच्या प्रेतापर्यंत पोचली. सुखाने घरी एखादे पत्र धाडले असेल काय? धाडले असेल तर ते कोणी लिहून दिले, आणि त्याच्या वस्तीत ते कोणी वाचून दाखवले? बलकाप्रमाणे सुखाचेही नाव तेवढे उरले.

म्हणूनच आपल्या समाजातील सैनिकाचे एखादे जुने पत्र हाती आले तर ते एका घराचे असले तरी त्याचे मोल एका घरापुरते नसते, असे आम्ही म्हणतो.

मायन्यात दिसणारा बदल

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटले. बाबासाहेब १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि भरतीसाठी त्यांनी सतत आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि दुसरी पलटण कामठीला उभी राहिली. या वेळी भरती होणाऱ्या तरुणांत थोडेबहुत शिकलेले अनेक होते. स्वतःच्या हाताने पत्र लिहिणारा शिपाई समाजात दिसू लागला.

अशा पत्रात मजकुरापूर्वीच एक इतिहास असतो, तो म्हणजे मायना. गावगाड्यात महाराने ‘जोहार’ घालायचा असा दंडक होता. पत्रात ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशी रूढ भाषा असे. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात ‘जयभीम’ हे अभिवादन रूढ केले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ‘नमो बुद्धाय’ आले. एकाच घरातील आजोबा, वडील आणि मुलगा यांची पत्रे शेजारी ठेवली तर हे बदल पहिल्याच ओळीत दिसतील. जोहारापासून जयभीमपर्यंतचा प्रवास ग्रंथांत वाचता येतो. पण तो आपल्या आजोबांच्या अक्षरात पाहणे ही वेगळी गोष्ट आहे.

त्या युद्धातही पत्रांवर पाळत होतीच. सैनिक घरी पगार, रजा आणि बढती यांविषयी लिहीत. घरून महागाई, धान्याची टंचाई आणि जमिनीचे तंटे कळवले जात. दोन्ही बाजूंची पत्रे तपासली जात. आपल्या भागात तर युद्धाला आणखी एक बाजू होती. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ पासून मुंबईला वीज पुरवीत होते. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या महिन्यात कर्जत-खालापुरातून आघाडीवरच्या मुलाला पत्र लिहिणाऱ्या बापाने यातले किती लिहिले असते? बहुधा काहीच नाही. ‘इकडील सर्व क्षेम’ एवढेच. पत्र वाचताना अशी न लिहिलेली ओळही लक्षात ठेवावी लागते.

स्वातंत्र्यानंतर १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही पत्रे आलीच. पाकिटावर गावाचे नाव नसे. ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढाच पत्ता. मुलगा लडाखला आहे की आसामात हे आईला कळत नसे. मनीऑर्डर आली तर तिच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे. कितीतरी संसारांचा पत्रव्यवहार त्या दोन ओळींत मावला. मनीऑर्डरची ती जुनी सेवा २०१५ साली बंद झाली, आणि आजचा जवान मोबाइलवर बोलतो. बोलणे रोज होते, पण त्यातले काही उरत नाही.

विद्यार्थ्यांसाठी : पत्र कसे वाचावे

कालामसुत्तात तथागतांनी सांगितले आहे की केवळ परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. पत्रालाही हाच नियम लावावा. जुने पत्र हाती आले तर पुढील प्रश्न विचारावेत.

१. पत्र कोणी सांगितले आणि कोणी लिहिले? अक्षर आणि सही एकाच हाताची आहे काय?

२. कोणाला लिहिले आणि घरी ते कोण वाचणार होते?

३. तारीख आणि टपालाचा शिक्का काय सांगतो? पाकिटावरील फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक फार उपयोगी असतो. त्यावरून पलटण कोठे होती याचा माग काढता येतो.

४. सैनिकाने स्वतः पाहिलेले काय आणि ऐकलेले काय? ‘आम्ही नदी ओलांडली’ ही साक्ष झाली. ‘शत्रू पळाला असे म्हणतात’ ही अफवाही असू शकते.

५. काय लिहिलेले नाही? भीती, जखम, अपमान, जातीवरून झालेला त्रास यांबद्दल मौन असेल तर ते का?

६. दुसरा कागद काय सांगतो? डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकावर कोरलेले नाव व क्रमांक यांच्याशी पत्र ताडून पाहावे.

एवढे केले म्हणजे पत्राची पूजाही होत नाही आणि उपेक्षाही होत नाही. मग ते खऱ्या अर्थाने साधन होते.

आपण काय करावे

आपल्या भागात घरे झपाट्याने बदलत आहेत. जुन्या चाळी आणि कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहतात. घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. भांडी ठेवून घेतात, पदक असेल तर ठेवतात, कागद रद्दीत जातात. आजी गेली की तिच्या उशाखालचे पत्र तिच्याबरोबर जाते. घाटाखालचा पाऊस, कसर आणि वाळवी उरलेले काम करतात. लंडनच्या कपाटात शंभर वर्षे राहिलेला कागद आपल्याकडे दहा पावसाळेही टिकत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या वर्षी प्रत्येक सभासदाने आपल्या घरात आणि नात्यात चौकशी करावी. सैन्यात कोण होते, कोणत्या पलटणीत होते, त्यांचे पत्र, फोटो, कुपन, डिस्चार्ज बुक आहे काय, हे विचारावे. मूळ कागद घरमालकाकडेच राहू द्यावा. विद्यार्थ्यांनी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्याने कागद कायमचा बिघडतो. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून, कोरड्या जागी, घडी न वाढवता ठेवावे. पावसाळ्यानंतर एकदा पाहावे.

घरातील वृद्ध माणसे आहेत तोपर्यंत पत्रातील नावे कोणाची ते विचारून लिहून ठेवावे. पत्र टिकले पण त्यातला ‘बाळ्या’ कोण हे सांगणारे कोणी उरले नाही, तर अर्धा अर्थ गेला. घरगुती मजकूर छापण्यापूर्वी कुटुंबाची परवानगी घ्यावी. पतीने पत्नीला लिहिलेले शब्द इतिहासाच्या नावाखाली चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सेवेच्या कागदांविषयी अडचण आली तर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांचे पत्र साधे आहे, त्यात लढाईचे काही नाही, नुसती खुशाली आहे. आम्ही म्हणतो, तेच आणा. ज्या समाजाला शतकानुशतके लिहू दिले नाही, त्या समाजातील एका शिपायाने परमुलखात कंदिलाच्या उजेडात बसून स्वतःच्या हाताने ‘मी खुशाल आहे’ असे लिहिले, यात लढाई नाही असे कोण म्हणेल?

बलकाचे नाव राहिले, कोरेगावची नावे राहिली, सुखाचे नाव राहिले. आपल्या आजोबांचे नाव आपल्याला ठाऊक आहेच. त्यांचे बोलणेही एखाद्या पेटीत शिल्लक असेल. ती पेटी रद्दीवाल्याच्या हाती जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहा, एवढीच सर्व बंधुभगिनींना आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!